जुन्या जीपचा सांगाडा व त्यावरील गंज

लोखंडास गंज चढतो ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिचा विचार करण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. नांगराच्या फाळावर किंवा सायकलीच्या मडगार्डावर तांबूस थर दिसला की तो खरवडावा व वर रंग फासावा, एवढाच आपला उपचार. जुनी मोटार पुन्हा रंगवू पाहणाऱ्यास मात्र हा उपचार फार महाग पडतो.

महिंद्र कंपनीने 1947 पासून विलिस जीपचे सुटे भाग आणवून मुंबईस गाड्या जुळविण्यास आरंभ केला. त्या वंशाच्या गाड्या आमच्या वऱ्हाडात अद्याप काही घरी हौसेने जपलेल्या आढळतात. अशा गाडीचा सर्व भार दोन लांब पोलादी तुळयांवर व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर असतो. हाच सांगाडा, मिस्त्री लोक यास ‘चासी’ म्हणतात. इंजिन, सुकाणू, कमानपाटे ही सर्व यालाच जखडलेली असतात. वरच्या पत्र्यास भोक पडले तर गाडी कुरूप दिसेल, इतकेच. सांगाडा पोखरला असेल तर चिखलदऱ्याचा घाट चढताना आत बसलेल्यांच्या जिवाशी गाठ आहे.

गंज म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पाहिलेच असेल. एका परीक्षानळीत खिळा व साधे पाणी; दुसरीत खिळा व उकळून हवा काढलेले पाणी, वर तेलाचा थर; तिसरीत खिळा व ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइड. काही दिवसांनी पहिलाच खिळा गंजतो. लोखंडास प्राणवायू व पाणी ही दोन्ही मिळाल्यावाचून गंज चढत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो व सच्छिद्र असतो; म्हणून तो रंगास आतून उचलतो आणि स्पंजाप्रमाणे ओल धरून ठेवतो.

आता आपल्या प्रांताकडे वळू. वऱ्हाडची हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणून येथे गंजाचे भय नाही, असे पुष्कळांस वाटते. परंतु आमची काळी माती फार चिवट. पावसाळ्यात ती तुळयांच्या पोकळीत व सांध्यांत जाऊन बसते आणि बाहेरचा रस्ता वाळला तरी आत ओलीच राहते. यावर दुसरे संकट खाऱ्या पाण्याचे. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूस, खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरींच्या पाण्यात क्षार विपुल. घासून लखलखीत केलेला सांगाडा कोणी अशा पाण्याने धुतला, तर त्याने केलेल्या श्रमांवर त्याच पाण्याने पाणी फिरविले म्हणावयाचे! मिठातील क्लोराइड लोखंडाच्या बारीक खळग्यांत दडते, तेथे आम्लता उत्पन्न करते, आणि या व्यापारात स्वतः जवळजवळ खर्ची पडत नाही. वर कितीही उंची रंग दिला तरी तो क्षार रंगातून पाणी ओढून घेतो व फोड उठतात. यास्तव अखेरचे धुणे साठविलेल्या पावसाच्या अथवा यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्याने करावे. धुऊन ओघळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकताच ते दुधट झाले, तर क्षार अजून शिल्लक आहे असे समजून पुन्हा धुवावे.

प्रत्यक्ष काम करताना प्रथम चिखल व तेलकटपणा काढावा. तेलावरून ब्रश फिरविला तर तेलच सर्वत्र पसरते. मग हातोडीने सांगाडा ठोकून पाहावा. खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तेथे टोच्या रोवून पाहावा, आणि तो आत गेला तर रंगाचा विचार सोडून कुशल वेल्डरास बोलवावे. गंज काढण्यास तारेचा ब्रश व पत्री चालतात. पण यंत्रावर फिरणाऱ्या ब्रशाविषयी सावध असावे. तो खळग्यांतील काळा गंज न काढता त्यालाच घासून चकाकी आणतो, व पाहणाऱ्यास पोलाद स्वच्छ झाल्याचा भास होतो. दाबाच्या हवेने कण मारून साफ करणे हा उत्तम मार्ग होय. मात्र नदीची वाळू त्यासाठी कदापि वापरू नये. तिच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात. इंग्लंडात 1949 च्या नियमांनी ओतीव वस्तू साफ करण्याच्या या कामी वाळूस बंदी झाली, ती याचसाठी. वाळूऐवजी गार्नेट किंवा पोलादी कण मिळतात. मिठाचे तेजाब स्वस्त असले तरी ते सांध्यांत शिरून राहते, व त्यातही क्लोराइडच असते.

ब्रश पोचत नाही अशा खळग्यांसाठी फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असलेले द्रावण लावतात. दुसऱ्याचे कार्य आमच्या आजोबांस ठाऊक होते. मेळघाटच्या रानातील हिरड्यात टॅनिन असते. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत. तोच लोह व टॅनिन यांचा संयोग गंजावर घडतो आणि तांबडा थर काळा व स्थिर होतो. सुटे पापुद्रे मात्र आधी काढलेच पाहिजेत.

पूर्वी लोखंडास पहिला हात शेंदराचा देत. मारुतीच्या मूर्तीस लावतात तोच शेंदूर, जवसाच्या तेलात खललेला. तो गुणकारी खरा, पण त्यात शिसे असते. म्हणून जुना रंग खरवडताना धूळ उडू देऊ नये, पृष्ठभाग ओला ठेवावा, मुखपट्टी बांधावी, आणि लहान मुलांस जवळ फिरकू देऊ नये. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर 2016 च्या नियमांनी दशलक्षात 90 भागांची मर्यादा घातली. सांगाड्यासाठी आज झिंक फॉस्फेटचे किंवा इपॉक्सीचे अस्तर मिळते.

हे काम चैत्र-वैशाखात सकाळी करावे. दुपारी पोलाद इतके तापते की रंग पसरण्यापूर्वीच सुकतो. साफ केलेले पोलाद रात्रभर उघडे ठेवू नये. दव पडताच त्यावर नवा गंज धरतो. अस्तर त्याच दिवशी चढले पाहिजे. तुळयांच्या पोकळीत ब्रश जात नाही. तेथे रंग वाळल्यावर नळीने पातळ मेण फवारतात. पाणी निघून जाण्यासाठी कारखान्याने ठेवलेली भोके मात्र बुजू देऊ नयेत, आणि पावसाळ्यात अधूनमधून गाडीखाली शिरून त्यांतील चिखल काडीने मोकळा करावा.