पिंजऱ्यातून सुटलेला लाल पाहुणा

खास प्रतिनिधी

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी आई-वडिलांना तेथील सकाळ फार लांबलचक वाटते. मुले कामावर आणि नातवंडे शाळेत गेली की घरात शांतता पसरते आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी बसण्यावाचून दुसरे काम उरत नाही. अशा वेळी न्यू जर्सीतल्या एखाद्या घराच्या ओसरीवर, दाण्यांच्या टांगलेल्या भांड्यावर एक पक्षी येऊन बसतो. आकाराने आणि अंगकाठीने थेट आपली चिमणी. पण कपाळ, गळा आणि छाती मात्र कुंकवाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी लाल. सोबतची मादी साधी, करड्या-तपकिरी रेघांची. हा कोण, असे विचारले तर शेजारी सहज सांगतात, ‘हाऊस फिंच. इथलाच आहे.’

हे उत्तर न्यू जर्सीपुरते अर्धेच खरे आहे. हाऊस फिंच उत्तर अमेरिकेचा खरा. परंतु त्याचे मूळ घर खंडाच्या पश्चिमेला आणि मेक्सिकोत आहे. पूर्व किनाऱ्यावर तो स्वतःच्या पंखांनी आला नाही. त्याला तेथे माणसाने पिंजऱ्यातून नेले आणि माणसानेच तेथे सोडून दिले. त्यानंतरच्या ऐंशीहून अधिक वर्षांत या चिमुकल्या पक्ष्याचे जे झाले, ते पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

‘हॉलिवूड फिंच’चे गुपित

गोष्ट १९४० सालची. न्यूयॉर्क परिसरातील पक्षीविक्रेत्यांच्या दुकानांत त्या काळी ‘हॉलिवूड फिंच’ या झगमगीत नावाने एक लाल पक्षी विकला जात असे. गाणारा, देखणा आणि स्वस्त. प्रत्यक्षात हे कॅलिफोर्नियात जाळे लावून पकडलेले रानटी हाऊस फिंच होते. अमेरिकेत १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा अस्तित्वात आहे आणि त्यानुसार असे देशी पक्षी पकडणे, विकणे व बाळगणे गुन्हा ठरते. जाणत्या पक्षीनिरीक्षकांनी दुकानातला पक्षी ओळखला, तक्रारी झाल्या आणि सरकारी यंत्रणा हलली. खटला अंगावर येईल या भीतीने विक्रेत्यांनी मालाची सोपी विल्हेवाट लावली. त्यांनी पिंजऱ्यांची दारे उघडून पक्षी सोडून दिले.

१९४१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर, जोन्स बीच येथे हा पक्षी मोकळ्यावर दिसल्याची नोंद झाली. पहिली काही वर्षे त्याने कसाबसा तग धरला. मग मात्र त्याचा पसारा वाढत गेला. शहरे, उपनगरे, हिरवळीचे तुकडे आणि घरोघरी टांगलेली दाण्यांची भांडी. त्याला हवे ते सारे पूर्वेकडे होते. पश्चिमेकडचे त्याचे भाऊबंद बहुतांशी एका जागी राहणारे. पूर्वेकडच्या कडक हिवाळ्यात मात्र यांच्यातील काही पक्षी थंडीत दक्षिणेकडे जाऊ लागले. अवघ्या काही दशकांत स्थलांतराची सवय अंगी बाणल्याचे हे उदाहरण अभ्यासकांनी आवर्जून नोंदविले आहे. पूर्वेकडची ही प्रजा पश्चिमेला सरकत सरकत विसावे शतक संपण्याच्या सुमारास खंडाच्या मधल्या गवताळ प्रदेशात मूळच्या पश्चिमी प्रजेला जाऊन भिडली.

देशी पक्ष्यांच्या चोरट्या व्यापाराचा हा प्रकार आपल्यालाही अनोळखी नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुनियांसारख्या देशी पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. तरीही रंग फासलेल्या मुनिया बाजारात विकायला येतात.

ओळखावे कसे?

हाऊस फिंचची लांबी साधारण १३ ते १४ सेंटीमीटर आणि वजन २० ग्रॅमच्या आसपास असते. चोच आखूड, जाड, दाणे फोडायला योग्य आणि वरच्या बाजूने बाकदार. शेपटी अंगाच्या मानाने लांब व टोकाशी जवळजवळ सरळ कापल्यासारखी. नराचा लाल रंग कपाळ, भुवया, गळा, छाती आणि पाठीचा शेपटीलगतचा भाग एवढ्यापुरताच असतो. डोक्याचा माथा, गाल आणि पाठ तपकिरीच राहतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रेघा उठून दिसतात.

गोंधळ होतो तो ‘पर्पल फिंच’ या दुसऱ्या पक्ष्याशी. नावात जांभळा असला तरी त्याचा नर गडद गुलाबी असतो आणि हा गुलाबी रंग डोके, पाठ, पंख असा सर्वांगावर पसरलेला असतो. पोटाच्या बाजूंवर ठळक तपकिरी रेघा नसतात. शेपटी आखूड व टोकाशी स्पष्ट खाच असलेली, तर चोच सरळ शंकूसारखी. मादी ओळखायची तर चेहरा पाहावा. पर्पल फिंचच्या मादीला डोळ्यावर पांढुरकी भुवई आणि गालावर गडद पट्टा असतो. हाऊस फिंचच्या मादीचा चेहरा कोरा आणि छातीवरच्या रेघा पुसट असतात. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात ‘कॅसिन्स फिंच’ हा तिसरा भाऊ भेटतो. त्याच्या माथ्यावर लाल टोपी घातल्यासारखी दिसते.

थोडक्यात, पोटाच्या बाजूला तपकिरी रेघा आणि माथा तपकिरी असेल तर हाऊस फिंच. अंगभर गुलाबी रंग आणि बाजू स्वच्छ असतील तर पर्पल फिंच. आवाजानेही खूण पटते. हाऊस फिंचचे गाणे लांब, घाईघाईचे आणि गुंतागुंतीचे असते. अनेकदा त्याचा शेवट एका खरखरीत, ओढलेल्या सुराने होतो.

हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा रोझफिंच ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल. बराच काळ शास्त्रज्ञही दोघांना एकाच प्रजातिगटात धरत. पुढे जनुकीय अभ्यासातून हे नाते वाटते तितके जवळचे नसल्याचे दिसून आले आणि २०१२ मध्ये अमेरिकी पक्षिवैज्ञानिकांनी हाऊस, पर्पल आणि कॅसिन्स फिंच यांची वेगळी चूल मांडली.

रंग येतो ताटातून

सर्वच नर सारखे लाल नसतात. काही गर्द लाल, काही नारिंगी, तर काही चक्क पिवळे दिसतात. या पक्ष्याला लाल रंग स्वतःच्या शरीरात मुळापासून तयार करता येत नाही. फळे, कळ्या आणि बियांमधील कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये पोटात जातात, शरीर त्यांचे रूपांतर करते आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या अखेरीस जुनी पिसे झडून नवी येताना तो रंग पिसांत उतरतो. त्या काळात खाल्लेले चांगले आणि शरीर निरोगी, तर रंग गडद. पिंजऱ्यात नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेले नर पुढच्या पिसांच्या वेळी फिकट, पिवळट होतात. ‘हॉलिवूड फिंच’ विकत घेणाऱ्यांच्या हाती वर्षभराने काय उरत असेल, याची यावरून कल्पना येते. हवाई बेटांवर नेऊन सोडलेल्या हाऊस फिंचमध्येही पिवळे-नारिंगी नर पुष्कळ दिसतात. तेथे त्यांना ‘पपई पक्षी’ असेही म्हणतात.

जेफ्री हिल या अमेरिकी शास्त्रज्ञाने या रंगाचा अनेक वर्षे अभ्यास केला. केसांना लावायचे रंग वापरून त्याने काही नरांना अधिक लाल, तर काहींना फिके केले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार माद्यांची पसंती लाल नरांना होती. लाल रंग हा जणू नराच्या तब्येतीचा दाखलाच असतो आणि मादी तो बारकाईने वाचते.

दारातले बिऱ्हाड

नावाप्रमाणेच हा घराच्या आसऱ्याने राहणारा पक्षी. छज्जाच्या कोपऱ्यात, दिव्याच्या खोबणीत, टांगलेल्या कुंडीत, नाताळात दारावर लावलेल्या पानाफुलांच्या चक्रातही तो घरटे बांधतो. मादी साधारण चार-पाच फिकट निळसर अंडी घालते. ती सुमारे दोन आठवडे अंडी उबवते आणि या काळात नर तिला भरवतो. पिल्ले बाहेर आल्यावर आणखी दोन-अडीच आठवड्यांत घरटे रिकामे होते. एका हंगामात एकाहून अधिक वेळा वीण होते.

बहुतेक दाणेखाऊ पक्षी पिल्लांना वाढीसाठी किडे भरवतात. हाऊस फिंच मात्र पिल्लांनाही मुख्यतः बियाच भरवतो. त्यामुळे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काऊबर्ड पक्ष्याची पिल्ले याच्या घरी सहसा जगत नाहीत. त्यांना हे शाकाहारी जेवण मानवत नाही. शहरी जीवनाशी जुळवून घेण्यातही तो पटाईत आहे. मेक्सिको शहरातील हाऊस फिंच आणि चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटके आणून ठेवतात आणि अशा घरट्यांत परोपजीवी किडे कमी आढळतात, असे तेथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

या यशाची किंमत इतरांनी मोजली. पूर्वेकडे हाऊस फिंच वाढला तसा पर्पल फिंच मागे सरला. दाण्यासाठी दोघे समोरासमोर आले की पर्पल फिंच बहुतेक वेळा माघार घेतो. आपली चिमणीही तेथे पाहुणीच; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रुकलिनमध्ये तिला माणसानेच सोडले होते. हाऊस फिंचच्या गर्दीत तिचीही संख्या कमी झाल्याचे आढळले.

डोळे आले!

१९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या आसपासच्या रहिवाशांना दाण्यांच्या भांड्यांवर विचित्र दृश्य दिसू लागले. सुजलेले, लाल, चिकट पाणी गळणारे डोळे घेऊन हाऊस फिंच सुन्न बसून राहत. काहींना तर जवळचा दाणाही दिसत नसे. आपण ज्याला ‘डोळे येणे’ म्हणतो, तशीच ही साथ होती. कारण ठरला मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जिवाणू. तोवर तो कोंबड्या आणि टर्की यांच्या श्वसनरोगासाठी कुप्रसिद्ध होता. आता तो रानटी पक्ष्यात शिरला होता.

हा आजार बहुधा थेट मारत नाही. आंधळा झालेला पक्षी उपासमारीने, थंडीने किंवा मांजर-ससाण्याच्या तोंडी पडून मरतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने त्याच वर्षी सामान्य नागरिकांना नोंदी करण्याचे आवाहन केले. घरच्या खिडकीतून पाहणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींमुळे साथ कशी पसरते हे जवळजवळ महिन्या-महिन्याला कळत गेले. काही वर्षांतच ती पूर्वेकडे सर्वत्र पोहोचली आणि जेथे पक्ष्यांची दाटी होती तेथे त्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. पुढे नव्या शतकाच्या प्रारंभी ती पश्चिमेतही शिरली. हाऊस फिंच घटले तेथे चिमण्यांची संख्या पुन्हा सावरू लागल्याचेही अभ्यासकांना दिसले.

साथीला सुमारे बारा वर्षे तोंड दिलेल्या अलाबामातील पक्ष्यांची आणि तोवर साथ न पाहिलेल्या ॲरिझोनातील पक्ष्यांची तुलना झाली, तेव्हा अलाबामातील पक्ष्यांची प्रतिकारशक्ती अधिक असल्याचे आढळले. निवड झाली होती, पक्षी बदलत होता. मात्र जिवाणूही स्वस्थ बसला नव्हता. कालांतराने त्याचे अधिक घातक प्रकार पुढे आले. ही चढाओढ आजही संशोधकांच्या अभ्यासाचा विषय आहे.

भूतदया आणि स्वच्छता

या साथीने दाणे घालणाऱ्या लाखो सज्जनांना एक अवघड प्रश्न विचारला. रोगी पक्षी भांड्याला चोच आणि डोळे घासतो, पाठोपाठ निरोगी पक्षी तेथेच बसतो आणि संसर्ग पुढे जातो. जे पक्षी भांड्यावर अधिक वेळ काढतात, ते रोगाच्या फैलावात अधिक वाटा उचलतात, असेही प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणजे प्रेमाने टांगलेले भांडेच रोगाचा अड्डा होऊ शकते.

म्हणून दाणे घालायचेच तर काही पथ्ये पाळावीत. भांडे निदान दोन आठवड्यांतून एकदा रिकामे करून घासावे. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने ते धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा भरावे. खाली सांडलेले ओले, बुरसटलेले दाणे झाडून टाकावेत. एकाच भांड्यावर गर्दी होऊ देऊ नये. सुजलेल्या डोळ्यांचा पक्षी दिसल्यास भांडी काही दिवस उतरवून ठेवावीत, म्हणजे थवा पांगतो. पक्ष्याला पकडून घरगुती औषधोपचार मात्र करू नयेत. ते काम वन्यजीव उपचाराचा परवाना असलेल्यांचे आहे. कुंडीत अंडी घातलेले घरटे आढळले, तर ते हलवू नये. कायदा त्याला संरक्षण देतो. झाडाला हलक्या हाताने, कडेने पाणी घालावे. महिन्याभरात कुंडी आपोआप मोकळी होते.

पूर्व अमेरिकेतील कोट्यवधी हाऊस फिंच हे काही मोजक्या, घाबरून सोडलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत. ज्यांनी पिंजरे उघडले त्यांना पर्पल फिंचची किंवा चिमण्यांची कल्पना नव्हती. ज्यांनी दाणे टांगले त्यांना जिवाणूची नव्हती. आता ती सर्वांना आहे. पुढच्या वेळी लेकीच्या ओसरीवर लाल छातीचा हा पाहुणा आला, तर आधी पोटाच्या बाजूच्या रेघा पाहून त्याची ओळख पटवावी, मग डोळे स्वच्छ आहेत ना, ते पाहावे आणि भांडे शेवटचे कधी धुतले होते, हेही एकदा आठवून पाहावे.