दोघांची जलसफर : अलेप्पीच्या हाऊसबोटीत एक दिवस



सहलीचा विषय निघाला की आपल्या गटांत देवदर्शनाची यादी सुरू होते. अक्कलकोट, पंढरपूर, नाहीतर कोल्हापूरची अंबाबाई. त्यात वाईट काहीच नाही. पण नवरा-बायकोने दोघांनीच, कुणाचे लग्नकार्य नसताना, नुसत्या विसाव्यासाठी चार दिवस बाहेर जायचे, हे आपल्याकडे अजून बोलायलाही अवघड वाटते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईंनी आणि त्यांच्या यजमानांनी यंदा जानेवारीत ते केले. दोघे केरळात अलेप्पीला गेले आणि एक दिवस-रात्र हाऊसबोटीवर राहून आले. परतल्यावर बैठकीत त्यांनी जे सांगितले आणि त्यावरून आम्ही जी माहिती जमवली, ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

हाऊसबोट म्हणजे काय?

हाऊसबोट म्हणजे पाण्यावर चालणारे छोटे घरच. एक किंवा दोन खोल्या, संडास-बाथरूम, मागे स्वयंपाकघर आणि पुढे बसायला मोकळा ओटा. केरळात या बोटीला केट्टुवळ्ळम म्हणतात. केट्टु म्हणजे बांधणे आणि वळ्ळम म्हणजे होडी. नावातच तिची रीत आली. जुन्या पद्धतीत लाकडाच्या फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवतात. लाकूड आपल्या रानफणसाच्या जातीचे. त्यावर काजूच्या टरफलांपासून केलेला काळा लेप देतात, म्हणजे लाकूड कुजत नाही. वरचे छप्पर बांबूचे आणि चटयांचे. काथ्या, काजू, बांबू, फणस, सगळे आपल्या ओळखीचे! ताई म्हणाल्या, "बोट बघून परमुलखात आल्यासारखे वाटलेच नाही."

पूर्वी या बोटींतून भात आणि मसाल्याचा माल जायचा. रस्ते, पूल आणि ट्रक आले तसे बोटींचे काम गेले. मग तिथल्या लोकांनी त्याच बोटींवर खोल्या चढवल्या आणि त्या पाहुण्यांसाठी वापरायला काढल्या. आता नव्या बोटी त्याच घाटाच्या बांधतात.

समुद्राच्या पातळीखालची शेती

बोट जिथून जाते तो वेंबनाड तलाव भारतातला सर्वांत लांब तलाव मानला जातो. त्याला लागून कुट्टनाड हा भाताचा मुलूख आहे. इथली बरीच शेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत, काही ठिकाणी तर दोन मीटरपर्यंत. बोट वर आणि भाताचे शेत खाली, असे दृश्य दिसते. भावोजी शेतकरी माणूस. ते बराच वेळ उभे राहून तेच बघत होते.

हे जमते कसे? आपल्याकडे खाडीकाठी खारबंधारे असतात, तसाच प्रकार, पण फार मोठ्या प्रमाणावर. शेतांच्या भोवती मातीचे बांध घालतात. पावसाळ्यात शेतात पाणी भरते. पाऊस सरला की सगळे शेतकरी मिळून पंप लावतात, पाणी बाहेर काढतात आणि मग पेरणी करतात. एकट्याने पाणी काढून भागत नाही. शेजाऱ्याच्या शेतात पाणी राहिले तर ते आपल्याकडेच येणार! म्हणून एका बांधाच्या आतले सगळे शेतकरी एका गटात असतात. समुद्राचे खारे पाणी भातात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम इथे मोठा बंधारा आहे, त्याचे दरवाजे उन्हाळी दिवसांत बंद ठेवतात. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान दिला.

पण बंधाऱ्याची दुसरी बाजूही आहे. खारे पाणी अडले की माशांची ये-जा अडते. जलपर्णी खाऱ्या पाण्यात मरते आणि गोड्या पाण्यात माजते. त्यामुळे कालवेच्या कालवे तिने भरलेले दिसतात. शेतकऱ्याला दरवाजे बंद हवेत, मच्छीमाराला उघडे. दोघांचेही पोट पाण्यावरच आहे.

बोटीवरचा दिवस

नेत्रावती एक्स्प्रेस रत्नागिरीहून थेट अलेप्पीला जाते. स्टेशनच्या पाटीवर अलप्पुझा असे नाव असते, ते लक्षात ठेवा. रात्र गाडीत गेली, दुसऱ्या दिवशी दोघे उतरले, त्या रात्री साध्या लॉजवर राहिले आणि पुढच्या दिवशी दुपारी बारा वाजता बोटीत चढले.

बोटीवर तिघे कामाला होते. एक सुकाणूवर, एक इंजिनापाशी आणि एक स्वयंपाकी. दुपारी काठाला बोट बांधून जेवण. उकड्या तांबड्या तांदळाचा भात, सांबार, कोबीची खोबरे घातलेली भाजी आणि तळलेला करीमीन मासा. ताईंनी मासा पाहिला आणि हसल्या, कारण तो आपल्या खाडीतला काळुंदरच निघाला! चार वाजता चहा आणि पिकल्या केळ्याची भजी.

ताईंच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. त्या म्हणाल्या, "पहिल्या जेवणाला मी दोनदा उठले. काही हवे का बघायला. स्वयंपाकी म्हणाला, अम्मा, बसा. मग बसले. मला बसता येत नव्हते, हे मला तिथे कळले." बैठकीत यावर आधी सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. भावोजींनी त्या दिवशी बायकोला विचारले की तुला माशात आंबट किती आवडते. बावीस वर्षांत हा प्रश्न आला नव्हता, कारण आंबट किती घालायचे ते घरच्यांच्या तोंडावर ठरत होते.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात आणि रात्री चालवत नाहीत. रात्री तलावात मच्छीमारांची जाळी असतात, ती तुटू नयेत हे त्यामागचे कारण. सकाळी नाश्ता करत पुन्हा थोडा फेरफटका आणि नऊला उतरायचे. म्हणजे एका दिवसाचे भाडे असले तरी हातात एकवीस तास मिळतात.

काठावरची घरे

पाण्याच्या अगदी काठाला घरे आहेत. पायरीवर बायका कपडे धुतात, भांडी घासतात. मुले शाळेला बोटीने जातात. चहूकडे पाणी, पण प्यायच्या पाण्याची ओढाताण. शेजारच्या बोटीतले लोक काठावरच्या बाईचे फोटो काढत होते. ताईंनी आपला फोन पिशवीत टाकला. म्हणाल्या, "आपण मोरीत भांडी घासत असताना कुणी फोटो काढला तर चालेल का?" आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तसेच बोटीतून कागद, प्लॅस्टिक, उष्टे काहीही पाण्यात टाकू नये. ते पाणी कुणाच्या तरी दारातून वाहते.

सुरक्षेचे प्रश्न न लाजता विचारा

दुसऱ्या दिवशी दोघांना अरुंद कालव्यांतून छोट्या बोटीने फिरायचे होते. बोटवाला माणसे भरतच गेला. जॅकेटे कमी पडली. ताई चढल्या नाहीत. भावोजींना चारचौघांत अवघडल्यासारखे झाले, पण ताई काठावरून हलल्या नाहीत. शेवटी दोघे सरकारी प्रवासी बोटीने फिरले. तिकीट अगदी थोडे आणि दृश्य तेच!

ताईंचा हट्ट बरोबर होता. ७ मे २०२३ ला केरळातच तानूर इथे पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. बोटीत जास्त माणसे होती आणि अंधार पडला होता. आपल्याकडे २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. म्हणून तलाव, खाडी, धरण, कुठेही बोटीत चढण्याआधी एवढे पाहा :

१. बोटीवर नोंदणी क्रमांक आहे का? २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिनाच्या बोटींना नोंदणी लागते.
२. किती माणसांची परवानगी आहे आणि आत किती आहेत?
३. प्रत्येकाला जॅकेट आहे का? ते उशाला ठेवू नका, अंगात घालून पट्टे बांधा. लहान मुलाला त्याच्या मापाचे हवे.
४. वारा सुटला असेल किंवा दिवस मावळला असेल तर निघू नका. पैसे बुडाले तरी चालतील.
५. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नका. बोट कलंडते.
६. हाऊसबोटीत गॅसवर स्वयंपाक असतो. आग विझवायचे नळकांडे कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

पैसा कुठून आला?

हा प्रश्न बैठकीत सगळ्यात आधी आला. गटाचे कर्ज काढले का? नाही. सहलीसाठी कर्ज काढू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. कर्ज बी-बियाण्याला, शेळीला, यंत्राला, आजारपणाला घ्यावे. ताईंनी दर महिन्याला ५०० आणि भावोजींनी ४०० रुपये दीड वर्ष वेगळे ठेवले. झाले १६,२०० रुपये. खर्च असा : बोट जेवणासह ८,५००, रेल्वे जाऊन-येऊन २,२००, दोन रात्री लॉज २,४००, बाकी जेवण आणि रिक्षा २,०००. एकूण १५,१००. उरलेल्या अकराशेत घरी आणि जाऊबाईंना काथ्याची पायपुसणी आली. बोटीचे भाडे हंगामाप्रमाणे चढते-उतरते. नाताळच्या सुट्टीत फार वाढते. घासाघीस करताना जेवण, वेळ आणि एसी किती तास, हे तिन्ही लिहून घ्या. हाऊसबोट परवडत नसेल तर दिवसभर सरकारी बोटीने फिरले तरी कुट्टनाड दिसते.

पैशाइतकाच मोठा प्रश्न घराचा होता. गाय कोण बघणार? सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार? जाऊबाईंनी गोळ्या सांभाळल्या. धार काढायला आणि दूध डेअरीत घालायला गटातल्या दोघींनी पाळी लावली. पुढच्या वेळी त्या दोघींपैकी कुणी गेली की ताई त्यांची गुरे बघणार, हे बैठकीत ठरले आणि वहीत लिहिले.

आपल्या गटांना यातून काय घेता येईल?

केरळात १९९८ पासून कुटुंबश्री नावाने बायकांच्या गटांचे मोठे जाळे उभे राहिले आहे. त्यांची उपाहारगृहे चालतात. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. तेव्हा खाडीकाठच्या गटांनी आपल्या पाण्याकडे रोजगार म्हणूनही बघावे. परवाना, जॅकेटे आणि प्रशिक्षण आधी, पाहुणे नंतर.

आणि पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने सांगायचे, घराबाहेर नुसत्या विसाव्यासाठी आपण शेवटचे कधी गेलो होतो. मग ज्यांना जायचे आहे त्यांची नावे लिहा आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिची गुरे, तिची म्हातारी माणसे कोण बघणार तेही लिहा. ठिकाण मग ठरवा. आमच्या वहीत आतापर्यंत चार नावे झाली आहेत.