मध्यमवर्गाची धास्ती आणि राष्ट्राध्यक्षपदाचे भाकीत

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे भाकीत मुख्यतः दोन वाटांनी केले जाते. एक वाट मतदारांनाच विचारण्याची, म्हणजे जनमत चाचण्यांची. दुसरी वाट मतदाराला काहीही न विचारता देशाच्या अर्थकारणाचे आकडे पाहून निकाल ताडण्याची. या दुसऱ्या वाटेमागचे गृहीतक साधे आहे : घरात चार पैसे शिल्लक पडत असतील तर मतदार सत्ताधाऱ्याला ठेवतो, पडत नसतील तर घरी बसवतो. अडचण अशी, की या गृहीतकातला मतदार बहुतांशी मध्यमवर्गीय आहे आणि त्याच्या घरातली आवक-जावक राष्ट्रीय सरासरीत नीट दिसेनाशी झाली त्याला आता चार दशके उलटून गेली आहेत.

भाकीत नेमके कशाचे करायचे, इथपासूनच पेच सुरू होतो. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मिळतात. ते एकूण ५३८, आणि बहुमताला २७० लागतात. कॅलिफोर्नियाचे ५४, तर वायोमिंगचे अवघे ३. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकी राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात तिथले सगळे निर्वाचक पडतात. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, पण फ्लोरिडात ५३७ मते कमी पडली आणि धाकटे बुश राष्ट्राध्यक्ष झाले. त्या वर्षी आर्थिक आकडे उत्तम होते. आकड्यांवरून सूत्रे मांडणाऱ्या राज्यशास्त्रज्ञांनी गोर आरामात निवडून येतील असे सांगितले होते.

चाचण्यांच्या इतिहासातली गाजलेली फजिती १९३६ ची. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यातल्या २० लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांच्या बेरजेवरून साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांचा विजय जाहीर केला. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारींच्या नोंदणीतून. महामंदीच्या काळात फोन आणि मोटार बाळगणारी माणसे म्हणजे बऱ्यापैकी सुस्थितीतली. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्टवर चिडलेले जास्त होते. कितीतरी लहान नमुना घेऊन चाचणीकार जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीचा कल बरोबर सांगितला. पुढे १९४८ मध्ये गॅलपही तोंडघशी पडले, कारण चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या होत्या आणि हॅरी ट्रूमन यांच्याकडे शेवटच्या आठवड्यांत वळलेली मते कुणी मोजलीच नाहीत.

आकड्यांवरून निकाल सांगण्याच्या पद्धतीला शास्त्रीय रूप दिले ते येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ रे फेअर यांनी, १९७८ मध्ये. दरडोई उत्पादनाची निवडणूक वर्षातली वाढ, महागाई, आणि सत्तेवर कोणता पक्ष किती काळ आहे, एवढ्यावर सत्ताधारी पक्षाच्या मतांची टक्केवारी बरीचशी सांगता येते, असे त्यांचे म्हणणे. राज्यशास्त्रज्ञ अ‍ॅलन अब्रामोविट्झ यांनी यात राष्ट्राध्यक्षाच्या लोकप्रियतेचा जूनमधला आकडा मिळवला. अशा सूत्रांना १९८० सारखी निवडणूक अगदी सोयीची जाते. त्या वर्षी महागाई १३ टक्क्यांच्या पुढे आणि बेकारी ७ टक्क्यांच्या आसपास होती. ‘चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचे आज बरे चालले आहे का?’ हा रोनाल्ड रेगन यांचा वादसभेतला प्रश्न म्हणजे हे सूत्रच, फक्त बीजगणित वगळून. सत्तेवरच्या जिमी कार्टर यांच्या वाट्याला ४९ निर्वाचक आले.

१९९२ ची गोष्ट मात्र या सूत्रांची मर्यादा दाखवते, म्हणून ती जरा तपशिलात पाहायला हवी. आखाती युद्धानंतर थोरल्या बुश यांची लोकप्रियता ८९ टक्क्यांवर गेली होती. जुलै १९९० मध्ये सुरू झालेली मंदी अर्थशास्त्राच्या हिशेबाने मार्च १९९१ मध्ये संपली. निवडणुकीच्या वर्षात उत्पादन वाढत होते, महागाई आटोक्यात होती, आणि फेअर यांचे सूत्र बुश यांना विजयी दाखवत होते. पण नोकऱ्या परतल्या नव्हत्या. जून १९९२ मध्ये बेकारी ७.८ टक्के होती, आणि या खेपेला कारखान्यातल्या कामगारांबरोबर ऑफिसातल्या मधल्या फळीवरही कुऱ्हाड कोसळली होती. १५ ऑक्टोबरला व्हर्जिनियातल्या रिचमंड इथे झालेल्या वादसभेत प्रश्न विचारणारे साधे मतदार होते. राष्ट्रीय कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय फटका बसला, असे एका तरुणीने विचारले. तिला खरे तर मंदीबद्दल म्हणायचे होते. याच सुमारास बुश यांनी घड्याळात पाहिले, आणि कॅमेऱ्याने ते टिपले. प्रश्नाचा रोख आपल्या ध्यानात येत नाही, असेही ते म्हणाले. बुश यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी बिल क्लिंटन उठून तिच्या दिशेने चालत गेले आणि आर्कान्सासारख्या लहान राज्यात नोकरी गमावणारी माणसे आपल्याला नावानिशी माहीत असतात, असे सांगू लागले. मध्यमवर्गाला करसवलत हे त्यांचे मुख्य आश्वासन होते. ते ४३ टक्के मतांवर निवडून आले. रॉस पेरो या अपक्ष उद्योगपतीला १९ टक्क्यांच्या जवळपास मते पडली. मंदी पावणेदोन वर्षांपूर्वीच संपल्याची अधिकृत घोषणा झाली ती डिसेंबर १९९२ मध्ये, बुश हरल्यानंतर.

इथे अमेरिकेतला मध्यमवर्ग म्हणजे कोण हे सांगायला हवे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पांढरपेशा उभा राहतो : शिक्षक, कारकून, बँकेतला अधिकारी. अमेरिकेत युद्धोत्तर काळात मोटार कारखान्यातला, युनियनच्या पगारावर घर आणि दोन गाड्या बाळगणारा कामगारही स्वतःला मध्यमवर्गीयच म्हणवत आला, आणि राजकारणातली सगळी धास्ती त्याच्याभोवती आहे. प्यू संशोधन केंद्र देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या दोन-तृतीयांशापासून दुपटीपर्यंतच्या कुटुंबांना मधल्या गटात धरते. तीन माणसांच्या घरासाठी ही मर्यादा २०२० मध्ये साधारण ५२ हजार ते १ लाख ५६ हजार डॉलर होती. १९७१ मध्ये ६१ टक्के प्रौढ या गटात होते, २०२१ मध्ये ५० टक्के. गळालेले सगळे खाली गेले असे नाही. वरच्या गटाचा वाटा १४ वरून २१ टक्क्यांवर गेला, खालच्याचा २५ वरून २९ वर. पण देशाच्या एकूण घरगुती उत्पन्नातला मधल्या गटाचा हिस्सा ६२ टक्क्यांवरून ४२ वर घसरला. वाढीचा मोठा भाग वरच्या मजल्यावर जाऊन थांबत असेल, तर दरडोई उत्पादनाचा आकडा खालच्या मजल्यावरच्या मताचे अनुमान करायला कितीसा उपयोगी पडणार?

२००८ च्या आर्थिक संकटाने ही दरी उघडी केली. फेडरल रिझर्व्हच्या पाहणीनुसार २००७ ते २०१० या तीन वर्षांत मध्यक कुटुंबाची निव्वळ मालमत्ता सुमारे १ लाख २६ हजार डॉलरवरून ७७ हजारांवर आली. मध्यमवर्गीयाची पुंजी म्हणजे त्याचे घर, आणि घरांच्या किमतीच कोसळल्या होत्या. त्यामुळे २०१२ ची निवडणूक बराक ओबामांना जड जाईल, असे बहुतेकांना वाटले. दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या बेकारीत कोणताही राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आलेला नव्हता. मतदानाच्या सुमारास ती ८ टक्क्यांच्या जवळ होती. कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी राज्याराज्यातली बेकारी आणि उत्पन्न धरून रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी मोठ्या फरकाने जिंकतील असे सांगितले. १९८० पासूनचे सगळे निकाल त्यांच्या सूत्रात बसत होते. झाले उलटेच : ओबामा ३३२, रॉम्नी २०६.

मागचे निकाल सूत्रात बसवणे फारसे अवघड नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर २०२४ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदाच्या जेमतेम वीस निवडणुका झाल्या आहेत. वीस उदाहरणांवर हवे ते चार-पाच घटक निवडून सूत्र बसवता येते. पुढची निवडणूक त्यात बसेल याची हमी नसते.

२०१२ मध्ये सूत्रातून निसटले काय, हे मतदानोत्तर चाचणीत दिसते. अर्थव्यवस्था कोण नीट हाताळेल या प्रश्नावर रॉम्नी किंचित पुढे होते. पण आपल्यासारख्यांची काळजी असणारा उमेदवार हवा, असे म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के ओबामांबरोबर गेले. निम्मा देश सरकारवर अवलंबून आहे अशा अर्थाचे रॉम्नी यांचे खासगी बैठकीतले ४७ टक्क्यांचे वक्तव्य तोवर चित्रफितीतून सर्वत्र पोचले होते. ओबामांनी तर डिसेंबर २०११ मध्ये कॅन्ससमधल्या ओसावाटोमी या गावी केलेल्या भाषणापासूनच निवडणूक मध्यमवर्गाच्या अस्तित्वाची म्हणून मांडली होती. म्हणजे धास्ती असते, पण ती कुणाच्या विरोधात जाईल हे आधीपासून ठरलेले नसते. आपल्या बाजूचा कोण, यावर ते ठरते.

संख्याशास्त्रज्ञ नेट सिल्व्हर यांनी त्या वर्षी चाचण्यांची सरासरी काढून पन्नासही राज्यांचे निकाल बरोबर सांगितले आणि चाचण्यांवर लोकांचा नको तितका विश्वास बसला. २०१६ मध्ये तो उडाला. हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते जास्त पडली, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून ७८ हजारांच्या आसपास मतांनी गेली. त्या भागातल्या अनेक चाचण्यांमध्ये पदवीधर प्रमाणाबाहेर होते, कारण फोनवरच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात तेच पुढे असतात. शिक्षणानुसार नमुन्याला भार दिला नव्हता, त्यामुळे कॉलेज न केलेला गोरा कामगार हिशेबात कमी पडला. १९३६ मध्येही वर्गच नीट मोजला गेला नव्हता. ती चूक मधल्या ऐंशी वर्षांना पुरून उरली. अब्रामोविट्झ यांचे सूत्र डोनाल्ड ट्रम्प यांना कौल देत होते, पण खुद्द अब्रामोविट्झ यांचाच त्यावर विश्वास नव्हता.

२००० ते २०१० या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांतून पन्नास लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. ओहायोतले लॉर्ड्‌सटाउन हे त्या कहाणीतले एक गाव. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९६६ पासून चालू होता. ते ज्या ट्रंबुल काउंटीत येते ती वर्षानुवर्षे डेमोक्रॅटिक पक्षाची, पण २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेली. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या यंग्सटाउनमध्ये ट्रम्प यांनी लोकांना सांगितले की नोकऱ्या परत येणार आहेत, घरे विकू नका. मार्च २०१९ मध्ये कारखान्याने गाड्या बनवणे बंद केले. सूत्राप्रमाणे पाहिले तर २०२० मध्ये मतदारांनी सत्ताधाऱ्याला शिक्षा करायला हवी होती. ट्रंबुल पुन्हा ट्रम्प यांच्याच मागे उभी राहिली, आणि शेजारची माहोनिंग काउंटीही त्यांना मिळाली. पोटाच्या प्रश्नावर सुरू झालेली नाराजी एकदा पक्षनिष्ठेत मुरली की मग तिला पोटाचा प्रश्न लागत नाही. ग्राहकांच्या मनःस्थितीची मोजणीही याला साक्ष देते : नोव्हेंबर २०१६ च्या निकालानंतर अर्थव्यवस्था होती तिथेच होती, पण रिपब्लिकन मतदारांना ती एकाएकी चांगली वाटू लागली.

२०२४ मध्ये खुद्द अर्थव्यवस्थेचे आकडेच दोन गोष्टी सांगत होते. बेकारी ४ टक्क्यांच्या आसपास. महागाईचा दर जून २०२२ मधल्या ९.१ टक्क्यांवरून ऑक्टोबर २०२४ पर्यंत २.६ वर आलेला. १३ कसोट्यांवरून भाकीत करणारे इतिहासकार अ‍ॅलन लिक्टमन यांनी अर्थव्यवस्थेच्या दोन्ही कसोट्या सत्ताधारी पक्षाच्या खात्यात टाकल्या आणि कमला हॅरिस जिंकतील असे सांगितले. पण दर खाली आला म्हणजे भाव खाली येत नाहीत. जानेवारी २०२१ पासून एकूण किमती २० टक्क्यांच्या आसपास चढल्या होत्या आणि तिथेच टिकल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ मागच्या बारा महिन्यांची वाढ मोजतो. अंडी, भाडे आणि गाडीचा विमा भरणारा माणूस चार वर्षांपूर्वीची पावती आठवतो. हॅरिस प्रचारात आपण मध्यमवर्गीय घरात वाढलो हे आवर्जून सांगत होत्या, ट्रम्प रेगन यांचा जुनाच प्रश्न विचारत होते. चार वर्षांपूर्वीपेक्षा आपल्या घरची परिस्थिती वाईट झाली, असे मतदानोत्तर चाचणीत सुमारे ४५ टक्क्यांनी सांगितले. ट्रम्प यांना ३१२ निर्वाचक मिळाले, तरी मतांमधला फरक दीड टक्क्याचाच होता.

इतक्या निसटत्या लढतीत टक्केवारीतल्या भाकिताचा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. २०१६ मध्ये सिल्व्हर यांनी क्लिंटन यांना सुमारे ७१ टक्के संधी दिली होती. म्हणजे अशा दहा निवडणुका झाल्या तर त्यांतल्या तीन ट्रम्प जिंकतील. तो अंदाज वाईट नव्हता. प्रिन्स्टनचे सॅम वँग यांचा ९९ टक्क्यांचा अंदाज वाईट होता, आणि ट्रम्प २४० निर्वाचकांच्या पुढे गेले तर किडा खाईन हे आपले वचन त्यांना दूरचित्रवाणीवर रातकिडा खाऊन पाळावे लागले. फरक एका गोष्टीत होता : एका राज्यात चाचणी चुकली तर तशाच वर्गाच्या शेजारच्या राज्यातही ती त्याच दिशेने चुकते, हे सिल्व्हर यांनी हिशेबात धरले होते. मिशिगनचा कामगार आणि पेन्सिल्व्हेनियाचा कामगार वेगवेगळी नाणी उडवत नाहीत. २०२४ मध्ये सिल्व्हर यांच्या संगणकाने ८० हजार वेळा निवडणूक खेळून पाहिली. त्यांतल्या ४०,०१२ वेळा हॅरिस जिंकल्या, म्हणजे निम्म्याच्या किंचित वर. पण त्याच खेळात सगळ्यांत जास्त वेळा आलेला एकच एक नकाशा सातही अटीतटीची राज्ये ट्रम्प यांना देणारा होता, आणि प्रत्यक्षात तोच उतरला.