मालाच्या यादीतील माणूस

विज्ञानकथेची दृष्टी सदैव भविष्याकडे लागलेली असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. अग्निबाण, यंत्रमानव, परग्रहांवरील वसाहती हे तिचे नेहमीचे साहित्य. परंतु ज्या भूतकाळाची नोंद नीट राहिली नाही, त्याच्याविषयी बोलण्यासाठीही भविष्याचा आश्रय घेता येतो. अमेरिकेतील 'क्लिपिंग' या त्रयीने सप्टेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली 'स्प्लेंडर अँड मिझरी' ही ध्वनिमुद्रिका याचे एक लक्षणीय उदाहरण होय. डाव्हीड डिग्ज हे तिचे शब्दकार व निवेदक. विल्यम हटसन आणि जोनाथन स्नाइप्स हे तिचे ध्वनिरचनाकार.

ही कृती हिप-हॉप या संगीतप्रकारातील आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास या प्रकाराचा उदय झाला. कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाने एकाच तबकडीच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून तिच्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा पुनःपुन्हा वाजवण्याची युक्ती काढली. वाजवण्याचे यंत्र हेच वाद्य झाले. त्या तालावर यमकबद्ध शब्द झपाट्याने उच्चारण्याच्या रीतीला रॅप म्हणतात. ते धड गायन नव्हे आणि धड गद्यही नव्हे. अशा रचना बहुधा सुट्या असतात; परंतु काही कलावंत एकच कथासूत्र साऱ्या गीतांतून ओवतात, आणि मग त्या संग्रहाला आख्यानाचे रूप येते. सन ३०३० मधील जगाची कल्पना करणारी 'डेल्ट्रॉन ३०३०' ही ध्वनिमुद्रिका २००० साली याच वाटेने गेली होती.

'स्प्लेंडर अँड मिझरी'चे आख्यान थोडक्यात असे आहे. गुलामांना वाहून नेणारे एक मालवाहू अंतराळयान आहे. त्यावर बंड होते आणि त्यातून एकच माणूस वाचतो. त्याला नाव नाही. यानाच्या दप्तरी तो 'माल क्रमांक २३३१' आहे. कथेचा मोठा भाग यानाचा संगणकच सांगतो. प्रथम त्याचे निवेदन धोक्याच्या सूचनेसारखे कोरडे आहे: अमुक क्रमांकाच्या मालाने यान ताब्यात घेतले आहे. पुढे त्या एकाकी माणसाला न्याहाळता न्याहाळता यंत्राच्या स्वरात आस्था उतरते आणि अखेर ते त्याच्या प्रेमात पडते. इकडे त्या माणसाला इंजिनाच्या घरघरीत व उपकरणांच्या किणकिणीत ताल सापडतो, आणि त्या तालावर तो बोलू लागतो. यंत्रातून वाद्य निर्माण करणाऱ्या हिप-हॉपचा जन्मच जणू येथे पुन्हा घडतो.

क्रमांकाची ही कल्पना केवळ कविकल्पना नाही. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी स्त्रीपुरुषांना अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवण्यात आले, असा इतिहाससंशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १८ लाख वाटेतच मृत्युमुखी पडले. व्यापाऱ्यांच्या वह्यांत त्यांची नोंद बहुधा मालासारखी, आकड्यांनी होत असे. १७८१ मध्ये 'झाँग' या ब्रिटिश जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकण्यात आली. १७८३ मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेले, ते खुनाचा खटला म्हणून नव्हे, तर बुडालेल्या मालाच्या विम्याचा दावा म्हणून. मरणाऱ्यांची नावे त्या दाव्याला लागली नाहीत. ज्या वहीत माणूस केवळ आकडा आहे, ती वहीच एके दिवशी त्याच्याविषयी व्याकूळ होऊन बोलू लागली तर? या ध्वनिमुद्रिकेतील संगणक म्हणजे अशी बोलू लागलेली वही आहे.

म्हणूनच यंत्राच्या कर्कश ध्वनींच्या मध्येमध्ये वाद्यांच्या साथीवाचून गायिलेली समूहगीते येतात. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी जी भक्तिगीते निर्माण केली, त्यांच्या धर्तीवर ती रचलेली आहेत. शीर्षकाचे नातेही असेच परंपरेशी आहे. सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय अमेरिकन विज्ञानकथाकाराने योजिलेल्या, परंतु पूर्ण न झालेल्या एका कादंबरीच्या नावावरून ते घेतले आहे.

विज्ञानसाहित्यासाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्काराच्या २०१७ मधील अंतिम यादीत या ध्वनिमुद्रिकेचा समावेश झाला. ज्या विभागात बहुधा दूरचित्रवाणीवरील कथाभागांची निवड होते, त्यात एका संगीतकृतीने स्थान मिळवावे, ही विरळ गोष्ट होती. पुरस्कार मात्र दुसऱ्या कृतीला मिळाला.

कथेच्या शेवटी त्या माणसापुढे दोन वाटा उरतात. ज्या जगांनी त्याला माल ठरवले, तेथे परतावे किंवा अज्ञात अवकाशात यान लोटावे. तो दुसरी वाट निवडतो. पुढे त्याला नवे जग सापडेल की मृत्यू येईल, हे सांगितलेले नाही. आजवर त्याचा प्रवास कोठून कोठे व्हावा हे दुसऱ्यांनी ठरवले होते. या प्रवासाची दिशा मात्र त्याने स्वतः ठरवलेली आहे.