कॅमेरा आपला, किल्ली कुणाची?

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराला चार कॅमेरे बसवले तेव्हा घरटी दोनशे रुपये वर्गणी काढली होती. धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींनी ती दिली, बिगारी काम करणाऱ्यांनी दोन हप्त्यांत दिली. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री कॅमेरे सुरू झाले. सचिवांच्या मोबाईलवर विहाराचे अंगण दिसू लागले तेव्हा सगळ्यांना वाटले, आता कुणाची हिंमत होणार नाही.

वर्ष उलटून गेले. एका रात्री कुणीतरी विहारासमोरचा फलक फोडला आणि पंचशील ध्वज ओढून चिखलात टाकला. सकाळी माणसे जमली. तरुणांची डोकी तापली. जाणत्यांनी त्यांना आवरले, ‘थांबा, आपल्याकडे कॅमेरा आहे.’ सचिवांनी मोबाईल उघडला. अंगण दिसत होते, पण ते त्या क्षणाचे. रात्रीचे चित्रण शोधायला गेले तर पडद्यावर सूचना आली, प्लॅनची मुदत संपली आहे. तीन आठवड्यांपासून कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत होता, पण साठत काहीच नव्हते. पैसे भरण्याची सूचना कंपनीने पाठवली होती, पण ती गेली कॅमेरे बसवणाऱ्या मुलाच्या ई-मेलवर. खाते त्याच्याच मोबाईल नंबरावर उघडलेले होते. तो मुलगा काम सोडून दुसऱ्या शहरात गेला होता.

पोलिसांनी विचारले, ‘फुटेज आहे का?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. तक्रार अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवली गेली आणि तिथेच राहिली.

हा दोष कुणा एका समितीचा नाही. गावोगावच्या विहारांत, पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर, समाजमंदिरांत, वसतिगृहांत आज कॅमेरे लागले आहेत. कॅमेरा विकत घेतला म्हणजे पुरावा मिळाला, अशी आपली समजूत झाली आहे. ती खोटी आहे. कॅमेरा फक्त पाहतो. ते पाहिलेले कुठे साठते, किती दिवस राहते, त्याचे बिल कोण भरते आणि त्या खात्याची किल्ली कुणाच्या हाती आहे, यावर पुरावा ठरतो. भांडवल आपले आणि किल्ली दुसऱ्याची, हा प्रकार या समाजाला नवा नाही. पण तो आपल्याच विहारात का चालू द्यायचा?

आधी हिशेब समजून घेऊ. पूर्वी कॅमेऱ्याची तार खोलीतल्या पेटीला जोडलेली असे आणि चित्रण पेटीतल्या डिस्कवर साठे. पेटी चोरली की पुरावा गेला. क्लाऊड कॅमेरा ते चित्रण इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या यंत्रावर पाठवतो. पेटी फोडली तरी पुरावा वाचतो, हा त्याचा मोठा फायदा. पण ती जागा भाड्याची असते. साधारण चांगल्या दर्जाचा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट वेगाने अखंड चित्रण पाठवू लागला तर दिवसाला सुमारे २१ जीबी आणि महिन्याला सुमारे ६५० जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना महिन्याला अडीच टीबीहून अधिक. शिवाय चौघांसाठी ८ मेगाबिटचा अपलोड वेग रात्रंदिवस हवा. एवढी जागा कंपनी स्वस्तात देत नाही. म्हणून कमी पैशांच्या प्लॅनमध्ये फक्त हालचाल झाली तरच चित्रण साठते आणि तेही ७, १५ किंवा ३० दिवसांत पुसले जाते. भाडे थकले की साठवण थांबते आणि काही दिवसांनी जुने चित्रणही जाते. कॅमेरा मात्र भिंतीवर तसाच असतो. पाहणाऱ्याला वाटते, पहारा चालू आहे.

बिलाचीही एक गोम आहे. कार्डातून आपोआप पैसे कापले जातील म्हणून आपण निश्चिंत राहतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले. अशा कपातीला खातेदाराची आधी रीतसर संमती नोंदलेली असावी लागते आणि पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येते. ग्राहकाच्या भल्याचाच हा नियम आहे. पण कार्डाची मुदत संपली, नवे कार्ड आले, संमती पुन्हा नोंदवली नाही, तर पैसे कापले जात नाहीत. सूचना ज्याच्या नंबरावर येते तो माणूस समितीत उरलेलाच नसेल, तर कुणाला कळणार?

आता वस्तीतून पोलीस ठाण्यात जाऊ. कारण जी गफलत आपल्याकडे अज्ञानाने होते, तीच तिथे झाली तर माणसाचा जीव जातो आणि कुणी जबाबदार राहत नाही.

परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिले. प्रत्येक पोलीस ठाण्यात दारापासून कोठडीपर्यंत, व्हरांड्यापासून अधिकाऱ्याच्या खोलीपर्यंत कॅमेरे हवेत. अंधारात दिसले पाहिजे आणि आवाजही नोंदला गेला पाहिजे. चित्रण १८ महिने साठवावे. तशी यंत्रे बाजारात मिळत नसतील तर जास्तीत जास्त काळ, पण कोणत्याही परिस्थितीत एका वर्षापेक्षा कमी नाही. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. ते बंद पडले तर त्या काळात कुणाला अटक केली, कुणाची चौकशी केली, याची माहिती त्याने जिल्हा देखरेख समितीला द्यायची. या समितीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांबरोबर महापौर किंवा जिल्हा परिषदेच्या प्रमुखालाही स्थान आहे. आपल्या मतांवर निवडून आलेल्या किती जणांनी या समितीची बैठक कधी झाली, असे विचारले आहे?

वरच्याच हिशेबाने एका कॅमेऱ्याचे १८ महिन्यांचे अखंड चित्रण सुमारे १२ टीबी होते. ठाण्यात दहा-पंधरा कॅमेरे असतील तर डिस्क, देखभाल आणि वीज यांसाठी दरवर्षी पैसा लागतो. कॅमेरे खरेदी करताना उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. साठवणुकीच्या बिलाचे उद्घाटन कुणी करत नाही. त्यामुळे कॅमेरा असतो, पण नेमक्या दिवशीचे चित्रण नसते. ४ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नाची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. २०२५ च्या सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ जण दगावल्याचे वृत्त त्याला कारण झाले. आदेश होऊन पावणेपाच वर्षे लोटली होती.

कोठडीत कोण मरतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदवला जावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तर राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. अशा प्रत्येक प्रकरणात पहिला प्रश्न एकच असावा : ठाण्यातले त्या दिवसांचे, त्या तासांचे चित्रण कुठे आहे आणि आज ते कुणाच्या ताब्यात आहे?

चित्रण नसले की काय होते, हे आपण घाटकोपरला भोगले आहे. ११ जुलै १९९७ रोजी माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या गोळीबारात दहा जण गेले. पोलीस सांगत, जमाव टँकर पेटवणार होता. वस्ती सांगत होती, तसे काही नव्हते. एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द. चौकशी आयोग बसला, खटला चालला आणि गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली. बारा वर्षे लोकांनी नुसत्या साक्षींवर लढत काढली.

म्हणून चित्रण जपण्याची मुदत आणि कागदोपत्री कामाची मुदत यांची सांगड घालायला शिकले पाहिजे. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस मिळतात. पुष्कळ ठिकाणी चित्रण १५ किंवा ३० दिवसांत पुसले जाते. म्हणजे नियमाने उत्तर मिळेपर्यंत मागितलेली वस्तूच नष्ट! जीविताचा व स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर त्याच कायद्यात ४८ तासांची तरतूद आहे, तिचा उल्लेख अर्जात करावा. आणि घटना घडली त्याच दिवशी दुसरा अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा लिहून ‘हे चित्रण पुसू नये, जतन करावे’ अशी मागणी असावी. पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. ठाणे, तहसील, रेल्वे स्थानक, समोरचे दुकान, सगळीकडे हाच अर्ज.

चित्रण मिळाले तरी काम संपत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्राचा ताबा असणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाईलचे हॅश मूल्य नमूद करतात. हॅश म्हणजे त्या फाईलच्या बोटांचा ठसा. एक क्षणाचे चित्र बदलले तरी तो ठसा जुळत नाही. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे, हे जालन्याच्या निवडणूक खटल्यात ठरले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण. त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही संबंधितांनी ते दिले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणजे मागणीच्या अर्जाची पोहोच इथेही कामी येते. आणि विहाराचे खाते कुणा परक्याच्या नावावर असेल तर प्रमाणपत्रावर सही करणार कोण?

या नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खात्याची किल्ली सैल ठेवली तर आपलाच कॅमेरा आपल्या लेकीबाळींवर उलटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील व्हर्काडा या क्लाऊड कॅमेरा कंपनीच्या एका सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड बाहेर पडला आणि सुमारे दीड लाख कॅमेरे परक्यांना उघडे झाले. त्यात इस्पितळे होती, तुरुंगही होते. कॅमेरा येतानाचा पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवणे. आणि विहाराचा कॅमेरा विहाराचे अंगण पाहील, समोरच्या घराचे दार, मोरी, न्हाणी पाहणार नाही, हे समितीनेच ठरवायचे आहे.

तेव्हा समाजबांधवांनी काय करावे? खाते समितीच्या नावाने, समितीच्या ई-मेलवर आणि समितीच्या सिमवर असावे. त्या सिमचा रिचार्ज चुकवू नये. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याच्या हाती जातो. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे, सीलबंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे असावा. समिती बदलली की पासवर्ड बदलावा आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहावा. कॅमेरे बसवणाऱ्याचे काम संपले की त्याचे नाव खात्यातून काढावे. प्लॅन घेताना किती दिवसांची साठवण आणि चित्रण अखंड की फक्त हालचालीचे, हे लेखी घ्यावे. कॅमेऱ्यात कार्डही घालावे. १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवसांचे चित्रण राहते, इंटरनेट गेले तरी तेवढा आधार उरतो. दर पौर्णिमेला वंदना झाली की आदल्या आठवड्याचे चित्रण एकदा उघडून पाहावे. वर्षाचे बिल जयंतीच्या वर्गणीच्या वहीतच लिहावे, म्हणजे विसर पडणार नाही. मंडपावर हजारो खर्च करणाऱ्या समितीला हे जड नाही.

बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर पाणी प्राशन केले ते २० मार्च १९२७ रोजी. सनातन्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात कोर्टात दावा लावला. तो लढा दहा वर्षे चालला. बाबासाहेबांनी कागद सांभाळले, साक्षी सांभाळल्या. अस्पृश्यांना बंदी असल्याची अनादी रूढी होती, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तळे तळपायांनी जिंकले, पण टिकवले ते पुराव्याने.

आज आपला पुरावा भाड्याच्या यंत्रात साठतो आहे. त्याचे भाडे वेळेवर भरा, त्याची मुदत ध्यानात ठेवा आणि त्याची किल्ली आपल्या हातात ठेवा. आमच्या विहाराने ती आता घेतली आहे. तुमच्या विहाराची किल्ली कुणाकडे आहे, हे आजच विचारा.