मानमोडीचे वंशज

१९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाला आपल्या वाडवडिलांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले होते. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला तो रोग आरंभी सौम्य होता; सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने उग्र रूप धारण केले आणि आगगाडीच्या वाटेने तो देशभर पसरला. २००९ साली पुण्याला हादरविणारा विषाणू त्याच घराण्यातला. तो आता दरसालच्या फ्लूमध्येच जमा झाला आहे.

पडसे हळूहळू चढते. फ्लूचा मनुष्य सकाळी धडधाकट असतो आणि सायंकाळी ताप व अंगदुखीने अंथरूण धरतो. आपल्याकडे तो बहुधा पावसाळ्यात, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोके वर काढतो. भिलाईजवळील रिसालीच्या कामगारवस्तीत काय किंवा मुंबईच्या लोकलगाडीत काय, ताप अंगावर काढून कामावर जाण्यात शौर्य कसले? तो खोकल्याबरोबर रोगही वाटीत जातो. घरी राहणे इष्टच. परंतु लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोग पसरू लागत असल्याने तेवढ्याने भागत नाही. म्हणून लस. विषाणू वेष पालटतो, तेव्हा तीही दरवर्षी नवी घ्यावी लागते, आणि तिचा प्रभाव पडण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. वृद्ध, गर्भवती, बालके, दमा व मधुमेहाचे रोगी यांनी ती अवश्य घ्यावी.

ॲन्टिबायोटिक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. फ्लूवरील खास औषध वैद्यकीय सल्ल्याने पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुण येतो. धाप लागली, ओठ निळसर झाले, तर मात्र काढ्यावर विसंबून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे.