अठराव्या वर्षानंतर काय?

मुलगा दहावी झाला की पुढे काय, हा प्रश्न आपल्याकडे शेजारीपाजारीही विचारतात, आणि सल्ला द्यायला सारी आळी तयार असते. पण ज्या घरचे मूल विशेष शाळेत जाते, त्या घरी हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तेथे तो रात्री, दिवा मालवल्यावर, आईबापच एकमेकांना विचारतात, आणि तोही निराळ्या शब्दांत: "आपल्यामागे याचे काय?" या प्रश्नाचे तयार उत्तर कोणापाशी नसते. पण उत्तर घडवण्याची एक रीत आहे, आणि ती वेळेवर सुरू करावी लागते, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली एका आईबापांनी आपल्या मुलीच्या गरजेतून काढली. नाशिकची प्रबोधिनी १९७७ साली रजनी लिमये यांनी सुरू केली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सहा ते अठरा या वयातील शिक्षण निःशुल्क केले. परंतु कायद्याचे हे बोट अठराव्या वर्षी सुटते. शिवाय त्याच दिवशी मूल कायद्याने सज्ञान होते. काल चालणारी बापाची सही आज चालेनाशी होते. शाळेची घंटा थांबते, मित्र दुरावतात, आणि दहाबारा वर्षे कष्टाने शिकलेले सारे घरच्या खाटेवर बसून हळूहळू विसरले जाते.

हा अनुभव आपलाच नव्हे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अशा मुलांना शाळेचा हक्क मिळाला. पण पुढील दशकात दिसून आले की शाळा संपवून बाहेर पडलेले अनेक तरुण घरीच बसले आहेत. म्हणून १९९० साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली: प्रत्येक विद्यार्थ्याच्या शैक्षणिक आराखड्यात शाळेनंतरच्या जीवनाची योजना असलीच पाहिजे. आज तेथे ती सोळाव्या वर्षापर्यंत तयार असावी लागते. कायदा तेथला असला, तरी त्यातील शहाणपण येथेही उपयोगी आहे.

ते शहाणपण असे, की योजना उलट दिशेने करावी. "याला आता पुढचा कोणता धडा शिकवू?" असे न विचारता, "हा पंचविसाव्या वर्षी कोठे राहील, दिवसभर काय करील, त्याच्या सोबतीला कोण असेल, त्याचा पैसा कोण सांभाळील?" हे चार प्रश्न आधी विचारावेत, आणि तेथून मागे मागे येत आजचा धडा ठरवावा. ही बैठक चौदाव्या वर्षाच्या सुमारास व्हावी. तीत शिक्षक असावेत, आईवडील असावेत, भावंडे असावीत. आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो मुलगाही असावा. त्याला बोलता येत नसेल, तर तो कशात रमतो आणि कशाला कंटाळतो, हेच त्याचे बोलणे समजावे.

समजा, एखाद्या मुलीला झाडांची आवड आहे. मग कार्यशाळेत मेणबत्त्या होतात म्हणून तिने मेणबत्त्याच का कराव्यात? रोपवाटिकेत काम करणे हे ध्येय ठरले, की मागच्या पायऱ्या आपोआप दिसतात: पिशवीत माती भरणे, वेळ पाळणे, बस ओळखणे, सुटे पैसे देणे, आणि कोणी अंगाशी आले तर "नाही" म्हणून निघून येणे. हे सारे प्रत्यक्ष जागी शिकवावे लागते. वर्गातल्या खोट्या नोटा मोजणारे मूल वाण्याच्या दुकानात गोंधळते, कारण एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी नेणे, हीच तर या मुलांची मुख्य अडचण असते.

मग त्यांना अवघड काम जमेल काय? मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा कोणी केली नव्हती अशा व्यक्तींना सायकलच्या ब्रेकचे पंधरा सुटे भाग जोडायला शिकवले. कामाचे लहान लहान तुकडे केले, बोलणे कमी ठेवले; आणि बहुतेकांना ते साधले. शिकणाऱ्याला येत नसेल तर शिकवण्याची रीत बदलून पाहावी, असा याचा धडा आहे.

सर्वच मुले कमावती होतील असे मात्र नाही. काहींना जन्मभर आधार लागेल. त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. हे काम आईबाप धडधाकट असतानाच करावे. पण पालक नेमला म्हणजे मत संपले, असे नव्हे. आज कोणता सदरा घालायचा, कोणाजवळ बसायचे, हे ठरवण्याचा अधिकार सर्वांत अधिक आधार लागणाऱ्यालाही आहे. पंचवीस वर्षांच्या माणसाला आपण जन्मभर "बाळ" म्हणत राहिलो, तर त्याने मोठे व्हावे तरी कसे?

शेवटी, ही योजना केवळ घर आणि शाळा यांच्या बळावर पुरी होत नाही. आपल्यापैकी कोणी दुकानदार असतील, कोणाचे उपाहारगृह असेल, कोणी बँकेत असतील. अशा तरुणाला महिनाभर कामाची एक जागा द्यावी, सुट्या पैशांसाठी तो चाचपडला तर दोन क्षण थांबावे, त्याच्याविषयी त्याच्या आईला न विचारता त्यालाच विचारावे. "आपल्यामागे याचे काय?" या प्रश्नाचे उत्तर आईबाप एकटे देऊ शकत नाहीत, कारण त्यांच्यामागे उरणार आहोत ते आपण.